एका खोक्याचे रसग्रहण

छापलेलं काहीही दिसलं की वाचून काढायचं, ही आमच्या घराण्यातली जुनी खोड आहे. आमचे दादा गारगोटीच्या पोस्टात पोस्टमन होते. वेदगंगेच्या काठाने वर गेलेल्या वाड्यावस्त्यांवर पत्रं पोचवायची आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती वाचूनही दाखवायची, अशी दुहेरी नोकरी त्यांनी एकाच पगारात केली. कार्डाचा कोपरा फाटलेला असला की ते आधी पाणी मागायचे, मग चहा घ्यायचे, आणि मग वाचायला सुरुवात करायचे. आम्ही तिघे भाऊ. दादांच्या माघारी त्यांची सायकल थोरल्याकडे गेली, घड्याळ धाकट्याकडे गेलं आणि वाचनाची खोड माझ्या वाट्याला आली.

मी बी. कॉम. असल्यामुळे मला साहित्यातलं काही कळत नाही, असं माझ्या मराठीच्या प्राध्यापक मित्राचं मत आहे. पण भेळेचा कागद, औषधाच्या बाटलीबरोबरची घडी, कर्जाच्या अर्जाखालचा बारीक टाईप हे सगळं साहित्य मी आवडीने वाचतो. शेवटचा प्रकार वाचणारा तर तालुक्यात मी एकटाच असेन. सही करणारे तो कधीच वाचत नाहीत. तेव्हा प्राध्यापकांनी कथा-कादंबऱ्यांची समीक्षा खुशाल करावी. आज मी एका खोक्याची करणार आहे.

हे खोकं आमच्या घरी आलं ते चिरंजीवांच्या सल्ल्याने. म्हणजे सल्ला त्यांचा आणि पैसे आमचे. माझा जुना फोन संथ झाला होता हे खरं. एखादं ॲप उघडायला दाबलं की मी चहाचं आधण ठेवून येत असे. मला त्याची सवय झाली होती, चहालाही झाली होती. पण चिरंजीव म्हणाले, "पप्पा, तुमचा फोन बघून मला लाज वाटते." बापाचे कपडे, बापाची स्कूटर आणि बापाचं इंग्रजी यांची लाज वाटण्याचे टप्पे आम्ही पूर्वीच पार केले होते. आता फोन.

बाजारपेठेतल्या दुकानात एक तरतरीत पोरगा होता. त्याने खोकं हातात घेतलं आणि एका दमात म्हणून टाकलं, "साहेब, दोन पूर्णांक दोन गिगाहर्ट्झ, ऑक्टाकोअर, आठ अधिक आठ, एकशे अठ्ठावीस, एकशे आठ मेगापिक्सेल, एकशे वीस हर्ट्झ, पाच हजार, सदुसष्ट वॅट, फाईव्ह-जी!" चाल साधारण मारुतिस्तोत्राची होती. मी बँकेत कारकून. सवयीने मनातल्या मनात बेरीज करून टाकली. मग लक्षात आलं, की यात कशात काय मिळवलं याचा पत्ता नाही. शेवटी तो म्हणाला, "एकोणीस हजार नऊशे नव्व्याण्णव." सगळ्या आकड्यांत हा एकच मला एककासकट कळला.

घरी आल्यावर फोन चिरंजीवांनी घेतला आणि खोकं मला मिळालं. त्या रात्री मी ते चारही बाजूंनी वाचलं.

प्रथम नायकाबद्दल. या वाङ्मयप्रकारात नायक म्हणजे प्रोसेसर. तो २.२ गिगाहर्ट्झचा आहे, असं खोकं सांगतं. म्हणजे त्याच्या काळजाचे ठोके सेकंदाला २२० कोटी पडतात. हा आकडा मला झोपेत दिसायला लागला, म्हणून उठून कागदावर मांडला. २२० कोटी सेकंद मोजायचे झाले तर जवळजवळ ७० वर्षं लागतात. म्हणजे हा फोन एका सेकंदात जेवढे ठोके टाकतो तेवढे सेकंद जगायला आपल्याला एक अख्खा जन्म लागतो. आपल्या प्राचीन वाङ्मयात ब्रह्मदेवाच्या एका दिवसाचे असलेच हिशोब आहेत. फरक एवढाच, की ब्रह्मदेवाला चार्जिंग लागत नाही.

ऑक्टाकोअर म्हणजे हा नायक एकटा नाही, आठ जण आहेत. इथे खोकं थोडी लपवाछपवी करतं. या पठडीच्या फोनांत आठांपैकी बहुधा दोन दांडगे असतात आणि सहा साधे. दांडग्यांचा वेग खोक्यावर छापतात, बाकीच्यांचा बारीक अक्षरांत किंवा छापतच नाहीत. ही युक्ती इंग्लंडमधल्या आर्म कंपनीने २०११ साली जाहीर केली. हलकं काम साध्यांनी करायचं, जड काम आलं की दांडग्यांना उठवायचं. त्यामुळे बॅटरी वाचते. युक्ती खरोखर शहाणपणाची आहे. कुठल्याही कचेरीत हीच रचना असते. आठ जणांत दोघे काम उपसतात आणि सहा जण वीज वाचवतात. मी कुठल्या गटात मोडतो हे कृपया विचारू नये.

आता 'आठ अधिक आठ'. या ठिकाणी माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. रॅम म्हणजे कामाचं टेबल आणि साठवण म्हणजे भिंतीतलं कपाट, असं समजा. टेबल मोठं तर एका वेळी जास्त फायली उघड्या ठेवता येतात. या फोनाचं टेबल आठ जीबीचं. मग वरचे आठ कुठले? तर ते कपाटातले! १२८ जीबीच्या कपाटातला एक खण रिकामा करून त्यालाच टेबल म्हणायचं. कपाटातून फाईल काढायला टेबलापेक्षा वेळ लागतो, हे कुठल्याही शिपायाला विचारा. शिवाय तेवढी जागा कपाटातून कमी होते ती वेगळीच. उसनवारीची रक्कम भांडवलाच्या बाजूला दाखवणारा ताळेबंद आम्ही परीक्षेत लिहिला असता, तर आमच्या सरांनी वही खिडकीतून टाकली असती. खोक्यावर मात्र तो 'वैशिष्ट्य' म्हणून छापतात.

कॅमेरा १०८ मेगापिक्सेलचा. म्हणजे दहा कोटी ऐंशी लाख ठिपके. हे वाचून सौभाग्यवतींनी लगेच पैठणी काढली. फोटो काढला, आणि चिरंजीवांनी बोट लावून दाखवलं, की फोटो बारा मेगापिक्सेलचा आलाय! मला वाटलं, फसवणूक. पण तसं नाही. ठिपके इतके बारीक असतात की एकेकट्याला पुरेसा उजेड मिळत नाही. म्हणून फोन नऊ-नऊ ठिपक्यांची टोळी करतो आणि प्रत्येक टोळीचं मिळून एकच मत धरतो. १०८ भागिले ९, उत्तर १२. हिशोब चोख आहे. नऊ सभासदांची समिती नेमायची आणि ठराव एकच करायचा, ही पद्धत आपल्याकडे सोसायटीत फार पूर्वीपासून आहे. तिथे उजेड मात्र पडत नाही. हवे तर पूर्ण १०८ चा फोटोही निघतो. पण तशी वेगळी आज्ञा द्यावी लागते, आणि घरातल्या माफक दिव्यात तो काही खास येत नाही.

त्या मोठ्या कॅमेऱ्याशेजारी दोन छोटे कॅमेरे आहेत, दोन-दोन मेगापिक्सेलचे. एक मुंगीचा फोटो काढायला आणि दुसरा मागचं चित्र पुसट करायला. ताटात डावीकडे वाढलेल्या चटणीसारखे. गंमत अशी, की २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा त्याचा अख्खा कॅमेराच दोन मेगापिक्सेलचा होता, आणि मजकूर उचलून दुसरीकडे डकवायची सोयसुद्धा त्यात नव्हती; ती २००९ मध्ये आली. तरी जगाने त्याला डोक्यावर घेतलं. आणि लांब कशाला जायचं? आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी देशी बनावटीचा कॅमेरा तयार करून त्यावर १९२० साली 'सैरंध्री' काढला. त्या कॅमेऱ्याचं खोकं कसं होतं कुणास ठाऊक, पण त्यावर आकडे नसणार. आमच्या १०८ मेगापिक्सेलवर आजवर निघालेली सर्वांत गाजलेली कलाकृती म्हणजे गॅस सिलिंडरच्या पावतीचा फोटो. तोही हललेला.

पडदा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा नवं चित्र. एका चित्राला साधारण आठ मिलिसेकंद. शांतारामबापूंचा 'पिंजरा' १९७२ साली आला, तो सेकंदाला २४ चित्रांत भागला आणि थिएटरातल्या माणसांचे रुमाल भिजले. इथे आम्ही सेकंदाला १२० चित्रांनी काय बघतो? तर मेहुण्याने पाठवलेलं सुप्रभातचं गुलाबाचं फूल. ते सरकताना मात्र अगदी लोण्यासारखं सरकतं, हे समीक्षकाने प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. इतकं चटकन वर जातं, की वाचावं लागत नाही.

बॅटरी पाच हजार मिलिअँपिअर-तासांची. पाच हजार ऐकल्यावर वाटतं, यावर पिठाची गिरणी चालेल. मी हिशोब केला. साधारण पावणेचार व्होल्टने गुणलं तर एकोणीस वॅट-तास होतात. आमचा पंचाहत्तर वॅटचा छताचा पंखा यावर पंधरा मिनिटं फिरेल. विजेच्या एका युनिटात हा फोन, तूट धरूनही, चाळीसेक वेळा भरतो. म्हणजे "रात्रभर फोन लावून ठेवता म्हणून लाईटबिल येतं" हा सौभाग्यवतींचा जुना आरोप निकालात निघाला. हा कागद मी फ्रिजवर डकवला होता. आता तो तिथे नाही.

आणि शेवटी फाईव्ह-जी. ही सेवा आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. हिच्या वर्णनात एक शब्द मला फार आवडला. तो शब्द 'पर्यंत'. 'अमुक इतक्या वेगापर्यंत.' 'तमुक मिनिटांत इतक्या टक्क्यांपर्यंत.' जाहिरातीच्या भाषेत याच्याइतका कष्टाळू शब्द दुसरा नाही. सगळं खोकं त्याच्या खांद्यावर उभं आहे. '५० टक्क्यांपर्यंत सूट' या पाटीखाली आपल्याला पाच टक्केवाला सदरा मिळतो, तोच हा 'पर्यंत'. सदुसष्ट वॅटचा चार्जरही पहिला भाग झपाट्याने भरतो आणि ऐंशी टक्क्यांपुढे हळू होतो. लिथियमच्या बॅटरीचा तो धर्मच आहे. पोट भरत आलं की घास लहान घ्यावा लागतो. पण फाईव्ह-जीचं 'पर्यंत' फोनच्या हातात नसतंच. ते टॉवरच्या हातात. गारगोटीत स्टँडजवळ उभं राहिलं की माझ्या फोनवर पाचाचा आकडा दिसतो. पाटगावच्या वाटेला लागून डोंगर जवळ यायला लागले की त्याचा चार होतो, पुढे एका वळणावर आकडा जातो आणि नुसती फुली उरते. आमचं गाव त्या वळणाच्या पुढे आहे.

इथवर सगळी थट्टाच होती. खोक्याने जरा फुगवून सांगितलं, आपण जरा टाचणी लावली, फिट्टंफाट. पण या खोक्यावर एक गोष्ट छापायची राहून गेली आहे. ती मला कळली ती आईमुळे.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गाव सोडून यायला तयार नाही. एक म्हैस, परसातली शेवग्याची दोन झाडं आणि दादांची भिंतीवरची तसबीर, एवढ्यांना सोडून ती गारगोटीत दोन रात्रींच्या वर राहत नाही. तिच्याकडे एक साधा बटणांचा फोन होता. हिरवं बटण दाबलं की बोलायचं, तांबडं दाबलं की संपलं. बटणांवरचे आकडे पुसून गेले होते, पण तिला त्यांची गरजच नव्हती. मागच्या वर्षी आम्हा भावांना उमाळा आला. "आईला काय जुनाट डबडं दिलंय? नातवंडं तोंड दाखवतील, आईला बघता येईल," असं म्हणून आम्ही वर्गणी काढली आणि माझ्या फोनचाच जुळा भाऊ तिला आणून दिला. तेच खोकं, तेच २२० कोटी ठोके. तिचं कार्ड त्यात घातलं. तिने त्याला कुंकू लावलं. कॅमेऱ्यावर नको म्हणून सांगेपर्यंत लावून झालं होतं.

आषाढातल्या एका शनिवारी संध्याकाळी मी तिला फोन लावला. घंटा वाजली, उचलला नाही. म्हटलं, म्हशीकडे गेली असेल. अर्ध्या तासाने लावला. उचलला नाही. रात्री नऊपर्यंत नऊ वेळा लावला. घंटा पूर्ण वाजायची आणि बंद व्हायची. शेजारच्या पोराला लावला, तर तो कोल्हापुरात. बाहेर पाऊस असा, की कौलांवर कुणी तांदूळ पाखडतंय. अशा वेळी डोक्यात काय काय येतं ते मी लिहीत नाही. घसरून पडली असेल इथून सुरुवात होते. थोरला मुंबईहून आणि धाकटा पुण्याहून दर पंधरा मिनिटांनी मला विचारत होता, "लागला का?" आमच्या तिघांच्या फोनांचा वेग उत्तम होता.

सकाळच्या पहिल्या एस. टी. ने गेलो. दारात पोचलो तर आई चुलीपुढे भाकरी थापत बसलेली. फोन समोर पाटावर, पालथा.

"अगं आई, फोन का उचलत नाहीस? रात्रभर जीव टांगणीला लागला!"

ती माझ्यावरच उसळली. "आरं, म्या न्हाई उचलत व्हय? कवाधरनं घासालोय ह्यास्नी! तू हाक मारालाईस, तुझं त्वांडबी दिसालंय फोटुत, आन् ह्यो उचलंना झालाय. रात्री रडू आलं बग मला. म्हनलं, पोराला वाटलं असंल आई मेली."

मी फोन तिच्या हातात दिला आणि माझ्या फोनवरून लावला. तिने आधी नखाने दाबलं, पूर्वी बटण दाबायची तसं. नंतर बोटाने. बोट वर सरकवलं, दोनदा, तीनदा. ते लोण्यासारखं सरकणारं चित्र जागचं हललं नाही. मी बोट लावलं, पहिल्या झटक्यात उचलला.

तेव्हा मी या काचेची चौकशी केली. बोटाने काम करणारा असा पडदा कसा करता येईल हे इंग्लंडात ई. ए. जॉन्सन नावाच्या इंजिनिअरने १९६५ सालीच लिहून ठेवलं होतं. ते विमानांची ये-जा सांभाळणाऱ्यांसाठी होतं. आजची काचही त्याच घराण्यातली. आपण तिला 'टच' म्हणतो, पण तिला स्पर्श कळत नाही. जोर कळत नाही, ऊब कळत नाही. काचेखाली न दिसणाऱ्या वीजवाहक पट्ट्यांची जाळी असते, तिच्यावर सूक्ष्म विद्युतक्षेत्र असतं. आपलं बोट ओलसर, म्हणून वीजवाहक. ते जवळ आलं की त्या क्षेत्रात फरक पडतो. तो फरक फोन मोजतो आणि म्हणतो, इथे बोट आहे. नखातून वीज वाहत नाही, म्हणून नख तिला दिसतच नाही. आणि घट्टे पडलेलं, कोरडं, जाड बोट असेल तर फरक इतका थोडा पडतो की काच त्याला हिशोबात धरत नाही. काही फोनांत थंड देशातल्या लोकांच्या हातमोज्यांसाठी काच जास्त संवेदनशील करायची सोय असते म्हणे. आमच्या या फोनात ती सापडली नाही.

आईची बोटं साठ वर्षं भाताची रोपं लावत आली, शेण्या थापत आली, तव्यावरची भाकरी हाताने उलटत आली. तिच्या अंगठ्याच्या रेषा बऱ्याचशा झिजून गेल्यात. दादा मनीऑर्डर द्यायला जायचे तेव्हा अशाच बोटांचे अंगठे घ्यायचे. शाईच्या पॅडवर टेकवायचा, कागदावर उठवायचा, शेजारी साक्षीदाराची सही घ्यायची. ठसा फिका आला तर पुन्हा घ्यायचे. त्या पॅडचा वेग काहीच नव्हता. पण त्याने "इथे बोटच नाही," असं कुणाला कधी सांगितलं नाही.

परतीच्या एस. टी. त मी सवयीने हिशोब केला. नऊ वेळा फोन, दर वेळी साधारण चाळीस सेकंद घंटा, म्हणजे ३६० सेकंद. कमाल वेग धरला तर गुणिले २२० कोटी. ७९,२०० कोटी ठोके. माझी आई त्या काचेवर बोट घासत असताना आत इतके ठोके पडून गेले. त्यातल्या एकालाही ती दिसली नाही.

इथे लेख संपवला तर माझ्या प्राध्यापक मित्राला आवडेल. शेवट गंभीर झाला की त्याला साहित्य वाटतं. पण समीक्षकाने दुसरी बाजू दाबून ठेवू नये.

दादांच्या माघारी आईला कुटुंब-निवृत्तिवेतन मिळतं. त्यासाठी दर नोव्हेंबरात ती हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी ती त्यासाठी एस. टी. ने गारगोटीला यायची. २०१४ च्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' नावाची संगणकीय सोय आली. तिथे बोटाचा ठसा लागायचा. आईच्या अंगठ्याने तिथेही नकार मिळवला. यंत्र पुसलं, अंगठा पुसला, दहाही बोटं लावून पाहिली. मग कागदी दाखला आणि सही, जुनीच वाट. २०२१ सालापासून मात्र नुसता चेहरा दाखवून दाखला काढता येतो. मागच्या नोव्हेंबरात मी माझा फोन घेऊन गावी गेलो. देवळामागच्या टेकावर चार काड्या येतात, तिथे आईला दगडावर बसवलं. संकेतांक आला, तो भरला, आणि फोन तिच्या तोंडापुढे धरला. पडद्यावर एक गोल आला. त्यात चेहरा बसवायचा आणि डोळे मिचकावायचे.

"आई, डोळे मिचकाव."

"कुणाला?"

"कुणाला नाही. फोनला. तू जिवंत आहेस हे त्याला कळायला पाहिजे."

"ह्या वयात डोळं मारायला लावालाईस व्हय रं मला, देवळाच्या मागं?" असं म्हणून ती पदर तोंडाला लावून हसली, आणि त्या हसण्यात डोळे आपोआप मिटले आणि उघडले. गोल हिरवा झाला. झालं. आई सरकारदरबारी आणखी एक वर्ष जिवंत झाली.

यात खोक्यावरचं कुठलं वैशिष्ट्य कामी आलं, ते मी पाहिलं. १०८ चा कॅमेरा नाही, १२० चा पडदा नाही, सदुसष्ट वॅट नाहीत. समोरचा सोळा मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा. खोक्याच्या तळाशी, बारकोडाच्या वर, अगदी बारीक टाईपात त्याचा उल्लेख आहे. मी म्हटलंच होतं, बारीक टाईप वाचावा.

तेव्हा निकाल असा. हा फोन बुद्धीने फार तल्लख आहे, डोळ्याने बरा आहे आणि हाताने आंधळा आहे. त्याचा निर्माता आकड्यांत रमतो. त्याने फोन आपल्याशी किती जलद बोलतो ते नीट मोजलं. आपण बोललेलं त्याला ऐकू येतं का, ते मोजायचं राहिलं. आणि ते ज्यांच्याबाबतीत मोजायला हवं, त्यांची बोटं बहुधा त्याच्या कारखान्यात कधी आली नाहीत. पुढच्या आवृत्तीत सुधारणा व्हावी.

आईचं कार्ड आता पुन्हा बटणाच्या फोनात आहे. मी पहिल्या घंटेला फोन लावला की दुसऱ्या घंटेला ती उचलते. तो वेगवान फोन तिने मला परत दिला. "वाईट न्हाई रं," ती म्हणाली. "पर हाक मारल्याव मला ओ द्याय येत न्हाई त्याच्यात."

परवा चिरंजीवांबरोबर पुन्हा त्याच दुकानात गेलो होतो. तोच तरतरीत पोरगा. नवं मॉडेल आलं होतं. त्याने खोकं हातात घेतलं आणि स्तोत्र सुरू केलं, "साहेब, तीन गिगाहर्ट्झ, बारा अधिक बारा, दोनशे मेगापिक्सेल, एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ..."

मी म्हटलं, "बाळा, ते राहू दे. शेतात काम केलेल्या म्हातारीचं बोट याला कळतं का, तेवढं सांग."

तो गप्प झाला. त्याने खोक्याची पुढची बाजू वाचली, मागची वाचली, दोन्ही कडा वाचल्या, उलटं करून तळ वाचला आणि झाकण काढून आतली बाजूही वाचली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "साहेब, माझ्या आज्जीचंबी असंच हुतंय."

खोकं त्याच्या हातातच होतं. मी त्याला म्हटलं, वाचत जा. खोड चांगली आहे.